बल्ब कधी बदलला?

पाळलेला बिअर्डेड ड्रॅगन जेवेनासा झाला म्हणून कोणी त्याला दवाखान्यात नेले आणि डॉक्टर जाणकार असले, तर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा बल्बचा असतो. कुठला बल्ब लावता, सरड्यापासून किती उंचीवर, मध्ये काच आहे की जाळी, आणि शेवटचा कधी बदलला? कुत्र्या-मांजरांची सवय असलेला माणूस इथे गोंधळतो. जनावराचे पोट बिघडले आहे आणि डॉक्टर विजेच्या दिव्याची चौकशी करत आहेत! पण प्रश्न अगदी योग्य असतो. घरात ठेवलेला सरपटणारा प्राणी आजारी पडला की बहुतेक वेळा मूळ दोष त्याच्या टाकीत सापडतो. ऊब, उजेड, ओल किंवा खाणे यांपैकी काहीतरी बिनसलेले असते. जंतू, जंत किंवा बुरशी मागाहून येते. औषध लागतेच, पण टाकी सुधारल्याशिवाय ते लागू पडत नाही. या लेखात पुढे जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

सातारा-सांगलीकरांना सरपटणारे प्राणी काही नवे नाहीत. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीची कीर्ती सगळीकडे पोचलेली आहे. सह्याद्रीच्या बाजूला घोरपड अधूनमधून आडवी जाते. नवा आहे तो काचेच्या टाकीत ठेवलेला, पाळणाऱ्यांच्या तोंडी ‘बिअर्डी’ झालेला हा ऑस्ट्रेलियन सरडा. पोगोना व्हिटिसेप्स हे त्याचे शास्त्रीय नाव. मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उघड्या माळांवरचा हा प्राणी. शेपटीसकट दीड-दोन फूट लांब, पूर्ण वाढ झाल्यावर साधारण ३०० ते ५०० ग्रॅम वजनाचा, आणि नीट ठेवला तर आठ-दहा वर्षे सोबत करणारा. कुळाने अगामिडी, म्हणजे कुंपणावर मान डोलावणाऱ्या आपल्या सरड्याचा दूरचा भाऊबंद. त्याला आपल्या दोन जिल्ह्यांत घर निवडायला सांगितले, तर तो आटपाडी, जत किंवा माण-खटावची वाट धरेल. महाबळेश्वरला एक पावसाळाही काढणार नाही.

आता उबेचे बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

आपल्याला जंतुसंसर्ग झाला की अंगात ताप येतो. सरड्याला तसा ताप आणता येत नाही, कारण अंगातली उष्णता वाढवायची सोयच त्याच्याकडे नाही. पण म्हणून तो तापाविना राहतो असे नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात वाळवंटी इग्वानांवर प्रयोग केले. जंतू टोचलेल्या इग्वानांना थंड आणि गरम असे दोन्ही भाग असलेल्या जागेत सोडले, तेव्हा ते नेहमीपेक्षा जास्त वेळ गरम भागात जाऊन बसले आणि अंगाचे तापमान सुमारे दोन अंशांनी चढवून घेतले. पुढे त्यांनी जंतू टोचलेल्या इग्वानांचे गट ३४ ते ४२ अंशांच्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. जितकी ऊब जास्त, तितके जगलेले इग्वाना जास्त. ताप उतरवणारे औषध दिल्यावर ज्यांनी शेकायला जाणे सोडले, ते मेले. सरड्याचा ताप म्हणजे त्याने निवडलेली जागा. ती जागाच टाकीत नसेल, तर त्याच्याकडे आजाराशी लढायचे मुख्य हत्यारच उरत नाही.

बिअर्डीच्या बाबतीत याचा व्यवहारातला अर्थ असा, की टाकीच्या एका टोकाला दगडाच्या किंवा फांदीच्या पृष्ठभागावर ३८ ते ४२ अंश ऊब हवी, दुसऱ्या टोकाला २५-२८ अंश, आणि रात्री २० अंशांच्या खाली फारसे जाऊ नये. दोन्ही टोके महत्त्वाची आहेत. आजारी आहे म्हणून सगळी टाकीच भट्टी केली, तर त्याला पळायला जागा उरत नाही आणि तो उष्णतेने मरतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत बाहेरच चाळीस अंश असताना ही काळजी उलट्या बाजूने घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे साताऱ्यात पारा बारा-तेरा अंशांपर्यंत येतो, तेव्हा बंद खोलीतही त्याला रात्रीची ऊब लागते. ती उजेड न देणाऱ्या सिरॅमिक हीटरने द्यावी. लाल दिव्याने त्याची झोपमोड होते. टाकीच्या भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक हवेचा अंदाज देतो, दगडाचा नाही. स्वयंपाकात किंवा कारखान्यात वापरतात तो पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक घ्या आणि सरडा जिथे पोट टेकतो, तिथेच मोजा.

पचनही याच उबेवर चालते. वीज गेली, टाकी गार पडली आणि आपण मात्र ठरल्या वेळेला किडे खाऊ घातले, तर ते पोटात पचण्याऐवजी कुजतात. म्हणून वीज नसेल तेव्हा खाणे बंद, पाणी चालू. निरोगी प्राणी एखादा दिवस सहज काढतो. महापुराच्या काळात सांगलीत दिवसेंदिवस वीज नव्हती, हे लक्षात ठेवून इन्व्हर्टरला निदान हीटर जोडण्याची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

प्राण्याचे शरीर भोवतालाची नोंद कशी ठेवते, याचे उत्तम उदाहरण साताऱ्यातच आहे. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पठार लागते. पवनचक्क्यांमुळे ते लांबूनही ओळखू येते. त्या पठारावर गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला एक छोटा सरडा राहतो, सारडा सुपर्बा. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वेगळी जात म्हणून वर्णन केले ते याच पठारावरच्या नमुन्यांवरून. तोही अगामिडी कुळातला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी त्याचा अभ्यास केला आणि २०१८ साली तो ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी झाले होते, जवळजवळ चौपटीने. पक्षी कमी म्हणून सरडे वाढले होते, जवळजवळ तिप्पट. इथवर कोणीही अंदाज केला असता. पण त्या सरड्यांचे रक्त तपासले तेव्हा ताणाचे संप्रेरक कमी निघाले, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते, ते अंगाने किरकोळ झाले होते आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके पडले होते. कोणी त्यांना हात लावला नव्हता. वरच्या आकाशातून घारी-ससाणे तेवढे कमी झाले होते. टाकीतल्या सरड्याचे आकाश, ऊन, वारा, भक्ष्य सगळे आपणच ठरवतो, म्हणजे त्याच्या रक्तात आणि रंगात काय उमटणार तेही आपल्याच हातात.

बल्बच्या प्रश्नाकडे परत येऊ. शेकायचा पिवळा बल्ब ऊब देतो. पण बिअर्डीला त्याशिवाय २९० ते ३२० नॅनोमीटरचे अतिनील किरण लागतात, ज्यांना यूव्हीबी म्हणतात. हे किरण कातडीवर पडले की तिथे ड जीवनसत्त्व तयार होण्याची सुरुवात होते, आणि ते असेल तरच आतडे खाण्यातला कॅल्शियम शोषून घेते. किरण नसतील तर भांडेभर कॅल्शियम पावडर टाकूनही ती बहुतांशी तशीच शीवाटे बाहेर जाते. रक्तातला कॅल्शियम घटला की शरीर तो हाडांतून काढू लागते. या रोगाला डॉक्टर ‘मेटाबॉलिक बोन डिसीज’ म्हणतात, आणि बंदिवासातल्या सरड्यांच्या आजारांत तो अगदी वरच्या क्रमांकावर येतो.

तो कसा येतो ते एका नमुन्यादाखल पाहू. सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या घरी सहा-सात महिन्यांचा बिअर्डी आहे असे समजा. उन्हाळाभर रोज सकाळी गॅलरीत ऊन खायला मिळत होते. जून उजाडला, आभाळ भरून आले, गॅलरी बंद झाली. टाकीवरची यूव्हीबी ट्यूब दीड वर्षाची आहे. उजेड झकास देते, म्हणून कोणाला शंका येत नाही. डोळ्यांना दिसणारा उजेड टिकतो, पण न दिसणारे किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरत जातात. जुलैच्या मध्यावर तो खाणे कमी करतो. मग शी होत नाही. घरचे लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल किंवा जिऱ्याचे पाणी पाजतात. खरे तर आतडे हलवायला लागणारा कॅल्शियमच रक्तात उरलेला नाही, म्हणून पोट थांबले आहे. आणखी काही दिवसांनी मागच्या पायाची बोटे आपोआप फडफडू लागतात. चालताना तो पोट जमिनीपासून उचलत नाही, कोपरांवर सरपटतो. दवाखान्यात डॉक्टर त्याला टॉवेलवर धरतात आणि खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनी ठेवून अगदी हलकेच दाबतात. निरोगी जबडा दबत नाही. याचा रबरासारखा लवतो. एक्स-रेमध्ये हाडे इतकी फिकट दिसतात की कुठे हाड संपते आणि मांस सुरू होते ते शोधावे लागते. कुठेतरी कोणाच्या लक्षातही न आलेले जुने फ्रॅक्चर सापडते.

एवढे झाल्यावरही तो वाचू शकतो. कॅल्शियम, सलाईन, नवी ट्यूब आणि महिनोन्‌महिने चिकाटी लागते. वाकलेला कणा मात्र सहसा सरळ होत नाही.

आपल्याकडे फुकटात मिळणारा उत्तम यूव्हीबी दिवा म्हणजे सकाळचे ऊन. युरोप-अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांनी हेवा करावा असे ऊन आपल्याकडे वर्षातले आठ महिने असते. पण खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. काच ते किरण जवळजवळ सगळे अडवते. आणि काचेची टाकीच उचलून उन्हात ठेवणे हा तर सरडा मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे, काही मिनिटांत आतली हवा जीवघेणी तापते. तारेच्या जाळीचा पिंजरा घ्या, अर्धा भाग सावलीत ठेवा, पंधरा-वीस मिनिटे स्वतः तिथे बसा. कावळा, घार आणि शेजारचे मांजर या तिघांचाही सरड्यावर डोळा असतो.

आजार ओळखण्यापूर्वी आजार नसलेल्या गोष्टी ओळखायला हव्यात. दिव्याखाली शेकताना तोंड उघडे ठेवून बसणे हे त्याचे अंग गार करण्याचे तंत्र आहे. गार कोपऱ्यातही तोंड उघडे असेल, नाकातोंडातून फेस येत असेल, श्वासाला घरघर असेल, तर मात्र फुप्फुसांचा संसर्ग समजावा. पावसाळ्यात दमट झालेल्या टाकीत तो हमखास होतो. दाढी काळी होणे म्हणजे चीड, भीती किंवा दुखणे. थोडा वेळ काळी होऊन पुन्हा निवळली तर ठीक, दिवसभर काळी राहिली तर नाही. कात टाकताना तो मलूल आणि फिका दिसतो, ते ठीक. पण बोटांच्या टोकांना किंवा शेपटीला जुनी कात वळ्यासारखी अडकून राहिली तर रक्त थांबते आणि तो भाग झडतो. हिवाळ्यात पूर्ण वाढलेला बिअर्डी कित्येक आठवडे सुस्त पडून राहतो, खात नाही. तीही त्याची रीत आहे. ही शीतनिद्रा आणि आजार यांतला फरक सांगणारे सगळ्यात स्वस्त उपकरण म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. शीतनिद्रेत वजन जवळजवळ तेवढेच राहते. दर आठवड्याला घसरत असेल तर ती झोप नाही. आणि ज्याचे पहिले वर्षही पूर्ण झालेले नाही असे पिल्लू ‘झोपले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

मान वर वळवून आकाशाकडे पाहत राहणे, तोल जाणे, झटके येणे या लक्षणांमागे अॅडिनोव्हायरस असू शकतो. पिल्लांत तो घातक ठरतो आणि त्यावर थेट औषध नाही. मोठे झालेले काही प्राणी कुठलेही लक्षण न दाखवता तो वागवतात, म्हणून नवा सरडा आणला की त्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांनिशी ठेवावे. कातडीवर पिवळसर-तपकिरी खपल्या येऊन खाली जखम पसरत गेली तर ती नॅनिझिऑप्सिस नावाची बुरशी असू शकते. ती खोलवर शिरते, इतर सरड्यांना लागते आणि तिचा उपचार लांबतो. इथे सांगलीकरांना एक खास विनंती. हळद आपल्या गावाची शान आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, पण सरड्याच्या जखमेवर ती दाबू नका. पिवळ्या रोगावर पिवळी पूड पसरली की डॉक्टरांना कातडीचा खरा रंगच दिसत नाही.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट. नर नसतानाही ती कोंबडीसारखी अंडी धरते. टाकीत उकरायला ओलसर माती-वाळूची जागा मिळाली नाही तर अंडी अडकतात. ती सारखी उकरते, कुंथते, मग थकून पडते. हे दृश्य दिसले की वाट पाहायची नसते. गुदद्वारातून आतडे बाहेर आले असेल तरी तसेच. तो भाग सलाईनने ओला केलेल्या स्वच्छ कापडात झाकून तडक निघावे.

खाण्याचे थोडक्यात सांगतो, कारण बाजार हाताशी आहे. पिल्लांना जास्त किडे आणि कमी पाला, मोठ्यांना बरोबर उलटे. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुले-पाने, तुतीची पाने, लाल भोपळा, दोडका, थोडी कोथिंबीर चांगली. पालक, राजगिरा, चुका आणि अळू टाळावे; त्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कीटकांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतो, म्हणून त्यांच्यावर फॉस्फरसविरहित कॅल्शियम पावडर भुरभुरतात. ओळखीत कोणी तुती लावून रेशीम करणारे शेतकरी असतील तर रेशमाच्या अळ्या उत्तम खाद्य आहे. मात्र तासगावच्या द्राक्षबागेतला किंवा उसाच्या बांधावरचा नाकतोडा पकडून घालू नका, त्याच्या पोटात कुठली फवारणी आहे ते आपल्याला दिसत नाही. घरातले झुरळही नको, त्याच कारणाने. काजवा तर मुळीच नको. अमेरिकेत काजवे खाऊन पाळीव बिअर्डी तासा-दोन तासांत मेल्याच्या नोंदी आहेत, आणि वळवाच्या पावसानंतर सह्याद्रीच्या कुशीतल्या घरांत काजवे सहज शिरतात.

दवाखान्याचा प्रश्न आपल्याकडे खरा अवघड आहे. माणसांच्या उपचारासाठी कर्नाटकातून लोक मिरजेला येतात; मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय काढले तेव्हापासूनची ती ख्याती. सरड्यासाठी मात्र मिरजकरांनाच गाव सोडावे लागण्याची शक्यता जास्त. जिल्ह्यातले सरकारी दवाखाने गाई-म्हशी, शेळ्या आणि बैलांच्या कामात बुडालेले असतात, आणि ते योग्यच आहे. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा क्रमांकही जनावरांसाठी आहे, बिअर्डीसाठी तो फिरवू नये. सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८८ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली येते. महाविद्यालयाला जोडून शिकवणीचे चिकित्सालय असते. विदेशी सरडा तपासणारे कोण आणि कोणत्या दिवशी असतात, हे फोन करून विचारल्याशिवाय मात्र निघू नये. त्यापुढे पुणे, आणि मग मुंबई. परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आणि लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे.

माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग मधला आहे. गावातला कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर गाठावा. त्याने सरडा पाहिलेला नसला तरी त्याच्याकडे एक्स-रे आहे, सूक्ष्मदर्शक आहे, हात तयार आहे. पुण्यातल्या अनुभवी डॉक्टरांशी तो फोनवर बोलायला तयार असेल, तर दोघे मिळून बरेच काही निभावून नेतात. ‘मला यातले कमी कळते, विचारून सांगतो’ असे म्हणणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. पाहता क्षणी कुत्र्याचे इंजेक्शन भरणारा मिळाला, तर सरडा उचलून बाहेर पडा.

जाताना सोबत काय न्यायचे? टाकीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, दिव्याचा खोका, शेकायच्या जागेचे आणि गार टोकाचे तापमान, गेल्या काही आठवड्यांची वजने, काय खाल्ले याची खरी यादी (पाहुण्यांच्या पोराने घातलेल्या बिस्किटासह), आणि त्याच दिवसाची शी. शी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी आणि निघायला उशीर असेल तर फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे. घरातल्या इतरांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर डबी उघडली जायची. लक्षणांचा मोबाइलवर व्हिडिओ असेल तर फारच छान. घरी थरथरणारा सरडा टेबलावर भीतीने ताठ होतो.

प्रवासाला त्याला हवेशीर, लहानसा प्लॅस्टिकचा क्रेट पुरतो. तळाशी जुना टॉवेल, बाहेरून अंधार. मोकळी मोठी पेटी नको, वळणावर तो आपटतो. सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा आणि खंबाटकी ओलांडून शिरवळ म्हणजे काही तासांचे काम. हिवाळ्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला ठेवावी, उन्हाळ्यात गाडीत एकटे सोडू नये, आणि एसीच्या झोताखाली मांडीवर घेऊन बसू नये.

तपासणी पाहण्यासारखी असते. खवल्यांच्या खरखरीने स्टेथोस्कोपमध्ये काही ऐकू येत नाही, म्हणून डॉक्टर छातीवर ओले कापड ठेवून त्यावरून ऐकतात. शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात थोडे सूत्रकृमी दिसले तर लगेच औषध द्यायलाच हवे असे नाही, पण कॉक्सिडिया भरपूर असतील आणि वजन उतरत असेल तर द्यावे लागते. रक्त शेपटीच्या खालच्या शिरेतून घेतात. इंजेक्शन शक्यतो पुढच्या पायात देतात, कारण मागच्या अंगातले रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते आणि काही औषधे त्यांना इजा करतात. गाठ आली असेल तर ती पिकून फुटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सरड्याचा पू पातळ होत नाही, घट्ट गोळा बनतो. तो कापूनच काढावा लागतो. काही प्रतिजैविके तीन दिवसांतून एकदाच द्यायची असतात, कारण त्याच्या शरीरात औषध सावकाश फिरते. ‘लवकर बरा व्हावा’ म्हणून रोज देणारा माणूस त्याची मूत्रपिंडे संपवतो. शेजाऱ्याच्या कासवाला याचे उरलेले जंताचे औषध देण्याचा मोहही नको. आयव्हरमेक्टिन कासवांना मारते.

घरी आणल्यावर वाळू काढून टाका आणि वर्तमानपत्र अंथरा, कुठलेही चालेल. शी दिसते, लघवीतला पांढरा भाग दिसतो, आणि तोंडात वाळू जात नाही. कोमट पाण्यात कोपरापर्यंत बुडेल असे दहा मिनिटे उभे करा. पाणी कातडीतून आत शिरत नाही, पण त्या उबेत तो पिऊ लागतो आणि पोट मोकळे होते. पाठ फिरवू नका, अशक्त सरडा टोपभर पाण्यातही बुडतो. सिरिंजने भरवायचे असेल तर डॉक्टरांसमोर एकदा करून बघा; श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि घाईत अन्न तिथे जाते. दूध पाजू नका. शिराळ्याच्या नागांना वर्षानुवर्षे दूध दाखवले गेले. सरपटणाऱ्यांना ते पचत नाही; ते पितात याचा अर्थ एवढाच, की तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते द्रव पितो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती त्याला देऊ नका. निरोगी दिसणारा सरडाही साल्मोनेला जंतू बाळगून असतो.

घोरपड, तारा कासव यांसारखे आपले प्राणी घरात ठेवणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि इग्वानासारख्या काही विदेशी प्राण्यांची नोंद २०२४च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. बिअर्डी घेतानाही पक्की पावती घ्या आणि नियम आज काय आहेत ते वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

आणि घेण्यापूर्वीच एक फोन करा: तुमच्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर सरडा तपासणारा डॉक्टर कोण आहे? उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका. घेतलाच आहे आणि आता सांभाळणे होत नाही, तर त्याला सागरेश्वरच्या डोंगरात किंवा यवतेश्वरच्या पठारावर नेऊन सोडू नका. पहिल्या पावसाळ्यात तो स्वतः मरेल, आणि मरण्यापूर्वी त्याचे विषाणू आणि जंत इथल्या सरड्यांपर्यंत पोचवू शकेल. डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एखाद्या पाळणाऱ्याचे घर ते सुचवू शकतील.